मोहल्ल्यातली डॉजबॉल लीग कशी सुरू करावी आणि कशी वाढवावी

आबाधुबी किंवा लगोरी खेळलेल्या माणसाला डॉजबॉल शिकवायला पाच मिनिटं पुरतात. नेम धरून चेंडू मारायचा, आपल्यावर आलेला चुकवायचा आणि जमलं तर झेलायचा. नागपुरात टेनिस बॉल क्रिकेटच्या आणि कबड्डीच्या स्पर्धा गल्लोगल्ली होतात, पण त्यात उतरायला आधीपासून खेळ यावा लागतो. शाळा सुटल्यावर मैदानात कधीच न उतरलेली ताई किंवा दिवसभर दुकानात बसणारा दादा तिथे प्रेक्षकच राहतो. डॉजबॉल त्यांच्यासाठी आहे. म्हणून लीग उभी करताना माझी एकच कसोटी असते: पहिल्या रविवारी आलेला नवा माणूस दुसऱ्या रविवारी परत येईल का? पुढचा प्रत्येक निर्णय याच कसोटीवर घ्या.

आधी माणसं जमवा, संघ नंतर

सुरुवातीला बारा जण पुरेत. व्हॉट्सॲपवर बोलावताना "संघ घेऊन या" असं लिहू नका, "एकटे या, चालेल" असं लिहा. तयार संघ आले की ते एकमेकांतच खेळतात आणि एकटा आलेला माणूस बाजूला उभा राहतो. पहिले तीन-चार रविवार नुसतं खेळा. गुण मोजू नका आणि तक्ताही लावू नका.

मैदान

वॉलीबॉलचं 18 बाय 9 मीटरचं मैदान अगदी योग्य. मागे आणि बाजूला किमान 3 मीटर मोकळी जागा ठेवा. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, मानेवाडा, नंदनवन अशा भागांतल्या ले-आउटमध्ये सोडलेली मोकळी मैदानं यासाठी चांगली. जागा मनपाची आहे की नासुप्रची (नागपूर सुधार प्रन्यासची), हे आधी विचारून घ्या आणि त्याच कार्यालयात लेखी अर्ज द्या. तारखा, वेळ, माणसांचा अंदाज आणि "भोंगा लावणार नाही" हे वाक्य अर्जात जरूर असू द्या. एखाद्या शाळेचं मैदान रविवारी रिकामं असेल तर मुख्याध्यापकांना भेटा. सकाळी दोन तासच पाहिजेत म्हटलं की बरेचदा होकार मिळतो. कस्तुरचंद पार्कसारखी अफाट जागा मला यासाठी पटत नाही. चेंडू लांब जातो, वारा लागतो आणि खेळाला घट्टपणा येत नाही.

रेघा फक्कीने मारा. चारही कोन बरोबर आलेत का, हे पाहायला दोन्ही कर्ण सुतळीने मोजा, ते 20.12 मीटर भरले पाहिजेत. काळी माती असेल तर उन्हात पडलेल्या भेगा आधी भरून घ्या, पाय त्यातच मुरगळतो. दोन्ही टोकांना बांबू रोवून हिरवी नेट ताणा. उन्हाळ्यात अंगणात बांधायची ती नेट नागपुरातल्या कितीतरी घरांत माळ्यावर पडलेली असते, ती मागून आणा. नेट नसली तर अर्धा वेळ नालीतून चेंडू काढण्यात जातो.

चेंडू

वर्ल्ड डॉजबॉल फेडरेशनच्या स्पर्धांत फोमचे आणि कापडी असे दोन प्रकार आहेत. दोन्हींत एका बाजूला 6 खेळाडू असतात. फोमच्या खेळात 6 चेंडू असतात, कापडीत 5. नागपूरच्या उघड्या मैदानासाठी माझं मत कापडी चेंडूकडे आहे. मुरमावर फोम लवकर सोलला जातो आणि वाऱ्यात नेम धरत नाही. हॉल मिळाला तर मात्र फोम घ्या, नव्या माणसाची भीती त्याने लवकर जाते. शाळेतला कडक रबरी चेंडू कधीही वापरू नका. तो गालाला एकदा लागला की तो माणूस परत येत नाही.

नियम एका पानात बसवा

मधल्या रेघेवर चेंडू ठेवायचे, शिटी वाजली की दोन्ही बाजूंनी धावायचं. चेंडू उचलल्यावर आधी आपल्या मागच्या रेघेपर्यंत न्यायचा, मगच मारायचा. जमिनीला न टेकता चेंडू अंगाला लागला की बाद. झेल घेतला तर मारणारा बाद आणि आपला एक बाद गडी परत आत. हातातल्या चेंडूने येणारा चेंडू अडवता येतो, पण हातातला सुटून पडला की बाद. रेघ ओलांडली तरी बाद. चेंडू दहा सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवायचा नाही. चेंडू डोक्याला लागला तर बाद धरू नका आणि मुद्दाम डोक्यावर मारणाऱ्याला बाहेर बसवा. तीन मिनिटांचा डाव, वेळ संपल्यावर ज्याचे गडी जास्त त्याचा डाव. एवढं छापून खांबाला लावा.

जगातल्या मोठ्या स्पर्धांचे नियम याहून बारीक आहेत. ते नंतर आणा.

लागलं तर स्वतःच बाहेर जाणं

ही लीगची खरी परीक्षा आहे, म्हणून यावर वेळ घालवा. पाच-सहा चेंडू एकाच वेळी उडत असताना एका पंचाला सगळं दिसणं शक्य नाही. चेंडू शर्टाला घासून गेला हे फक्त ज्याला लागलं त्यालाच कळतं. त्याने हात वर करून स्वतः बाहेर जायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून पाहिजे. नाहीतर तिसऱ्या रविवारपर्यंत "लागला न तुले!" "नाही लागला!" यातच सकाळ संपते आणि आवाज मोठा असलेलेच टिकतात.

ही सवय लावायला तीन गोष्टी करा. पहिली म्हणजे लीगमधला सर्वांत तरबेज खेळाडू शंका असतानाही बाहेर गेला पाहिजे, सगळ्यांसमोर. त्याला आधीच तसं सांगून ठेवा. दुसरी, दर रविवारी एखाद्याने स्वतःहून हात वर केला तर खेळ संपल्यावर त्याचं नाव घेऊन कौतुक करा, सर्वाधिक गडी मारणाऱ्याच्याही आधी. तिसरी, प्रत्येक खेळाडूने हंगामात निदान एका सामन्याला पंच म्हणून उभं राहायचं. शिटी हातात आली की पंचाशी भांडण्याची हौस आपोआप कमी होते. वाद मिटतच नसेल तर तो डाव पुन्हा खेळा. तीन मिनिटांचाच डाव आहे, पाऊण तासाची हुज्जत त्याहून महाग पडते.

वाटणी

चोवीस-पंचवीस माणसं नेमाने यायला लागली की चार संघ पाडा. पण संघ कायमचे करू नका. दर हंगामाला नवी वाटणी करा. जाणकार तिघा-चौघांनी बसून सगळ्यांचे चार गट करायचे (पक्के, बरे, शिकणारे, अगदी नवे) आणि प्रत्येक गटातून प्रत्येक संघाला सारखी माणसं चिठ्ठी टाकून द्यायची. नवरा-बायको किंवा एकाच गाडीवर येणारे मित्र यांना एकत्र ठेवा, नाहीतर दोघंही गळतात. मैदानावर नेहमी किमान दोन स्त्रिया असाव्यात असा नियम करा आणि मोडू नका.

याला विरोध होईल. जिंकणाऱ्या संघाला फुटायचं नसतं. तरीही ठाम राहा, कारण तोच संघ तीन हंगाम जिंकत राहिला की बाकीचे क्रिकेटकडे परत जातात. जिथे वाटणी दर वेळी बदलते तिथे महाल भागातला मुलगा आणि खामला भागातली काकू एका संघात येतात, आणि पुढच्या हंगामात दोघांची ओळखीची माणसं लीगमध्ये येतात. लीग अशीच वाढते, जाहिरातीने फार थोडी.

हंगाम आणि वेळापत्रक

दिवाळीनंतर सुरू करा, होळीच्या आत संपवा. हिवाळी अधिवेशनाच्या काळात सरकारी कार्यालयांत कुणाला वेळ नसतो, म्हणून परवानग्या त्याआधी हातात घ्या. मार्चनंतर खेळायचंच असेल तर सकाळी सातच्या आत आटोपा, पन्हं किंवा ताक आणि ओआरएस जवळ ठेवा, आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, मैदान बंद. पारा 45 च्या वर असताना हौस दाखवण्यात अर्थ नाही.

चार संघांत प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं तर 6 सामने होतात, वीस मिनिटांप्रमाणे दोन तासांत एका सकाळी बसतात. सहा संघ झाले की 15 सामने, आठ झाले की 28. म्हणजे सहापासून पुढे दुसरं मैदान आखावंच लागतं.

पैसा

खर्च मोजा, माणसांनी भागा, तेवढीच वर्गणी घ्या. समजा चेंडू, नेट, फक्की, पाणी आणि प्रथमोपचार मिळून 6,000 रुपये आणि खेळाडू 40, तर माणशी 150. दर महिन्याला हिशोब ग्रुपवर टाका. रोख बक्षीस ठेवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे बक्षिसाची रक्कम फलकावर आली की बाहेरून खेळाडू आणले जातात, मग पंचावर दबाव येतो आणि शिकणारी माणसं बाकावर बसतात. प्रायोजक मिळाला तर त्याच्याकडून चेंडू किंवा टी-शर्ट घ्या.

वाढताना फुटा

एका मैदानावर पन्नासच्या वर माणसं झाली की अर्धा वेळ वाट पाहण्यात जातो. तेव्हा मोठं मैदान शोधू नका, दुसरं मैदान सुरू करा. दक्षिण नागपुरातून येणाऱ्यांचा एक गट सक्करदरा-मानेवाडा भागात, दुसरा गट पश्चिमेला. जुन्यांपैकी चार जण दोन महिने नव्या मैदानावर पाठवा, म्हणजे स्वतःहून बाहेर जाण्याची सवय तिकडेही पोचते. महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकत्र भेटा.

नोंदणीची घाई नको. स्वतःचं बँक खातं पाहिजे असेल, हॉल भाड्याने घ्यायचा असेल, तेव्हाच संस्था नोंदवा. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात आणि अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो. ते सात जण निवडताना दोन्ही मैदानांवरचे घ्या, त्यात दोन-तीन स्त्रिया असू द्या, आणि बँकेत पैसे काढायला दोन सह्या लागतील असा ठराव पहिल्याच सभेत लिहून घ्या.