बायपासचा जोड: हात कसा बसवायचा

हृदयशस्त्रक्रिया शिकायला आलेला रेसिडेंट लवकरच विचारतो, "मॅडम, जोड शिवायला कधी मिळेल?" जोड म्हणजे हृदयाच्या धमनीला नवी रक्तवाहिनी (ग्राफ्ट) शिवतात ती जागा. माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी धागा धरायला शिका.

सर्जन टाका घेतो तेव्हा मागचा धागा पहिला असिस्टंट धरतो. तो सैल सुटला तर जोडातून रक्त झिरपतं, जास्त ओढला तर जोड बटव्याच्या तोंडासारखा आवळतो. धमनी जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची, त्यात आवळायला जागा आहेच कुठे! काम कंटाळवाणं आहे, मान्य. पण सुईचा कोन, टाक्यांमधलं अंतर, सर्जन कुठे अडखळतो, हे तिथून जितकं दिसतं तितकं दुसरीकडून दिसत नाही.

घरी सरावाला 7-0 पॉलिप्रोपिलीन हा टाक्यांचा बारीक धागा घ्या. मुदत संपलेली पाकिटं थिएटरच्या सिस्टरांकडे मागा. सुरुवात हातमोज्याच्या बोटांवर करा, मग डुकराच्या हृदयावर. लाजू नका, रक्तवाहिन्या शिवण्याच्या कामासाठी 1912 चं नोबेल मिळालेले अलेक्सी कॅरेल भरतकाम करणाऱ्या बाईंकडून शिवण शिकले होते.

धमनीत सुई आतून बाहेर काढायची. बाहेरून आत घातली तर आतला थर सुटून पुढे ढकलला जाण्याची भीती, आणि रोगट धमनीत तर फारच. ग्राफ्टमध्ये मात्र बाहेरून आत. सुई ढकलू नका, तिच्या वळणाप्रमाणे मनगट फिरवा. धागा फोरसेप्सने (चिमट्याने) कधीच पकडायचा नाही. चिमटलेला धागा पुढे तिथेच तुटतो. गाठ बांधताना बोटं ओली ठेवा. हा धागा निसरडा, सहा-सात वेढे तरी हवेत.

जोड झाला की सिरिंजने पाणी सोडा. गळलं तर बहुतेक वेळा टाचेपाशी किंवा टोकापाशीच, म्हणजे लांबट जोडाच्या दोन्ही टोकांनाच गळतं. मग जोड उभा कापून आतून टाके बघा. हे कुणी करत नाही, आणि शिकायला खरं मिळतं ते इथेच.

वेगाची घाई आत्ता नको. थांबवलेल्या हृदयावर घड्याळ चालू असतं हे खरं, पण वेळ जातो तो सुई दुसऱ्यांदा धरण्यात. मोबाइलवर चित्रण करा आणि वाया गेलेल्या हालचाली मोजा.

हात बसला की तेच हृदय छातीसारख्या खोल खोक्यात ठेवून शिवा. कडांना मनगट अडायला लागलं की लांब नीडल होल्डर (सुई धरायचं अवजार) घ्या आणि बॅकहँड, म्हणजे उलट्या हाताच्या, टाक्यांना लागा.