वाढत्या व्यवसायासाठी होस्टिंग कसे निवडावे

हापूसची ऑनलाइन विक्री करणारे दुकान घ्या. वर्षातील बराच काळ संकेतस्थळावर तुरळक वर्दळ असते आणि आंब्याच्या हंगामात मात्र ग्राहक एकदम येतात. अशा दुकानाने केवळ ‘अनलिमिटेड’ जागेच्या जाहिरातीवर होस्टिंग (संकेतस्थळ चालवण्यासाठी भाड्याने घेतलेली सर्व्हरची सेवा) घेऊ नये, कारण दुकान बंद पडते ते बहुधा जागेअभावी नव्हे.

ग्राहक भारतातले असतील तर मुंबईतील सर्व्हर घ्यावा, ईमेलची सेवा वेगळी ठेवावी आणि पहिल्या वर्षाची सवलत न पाहता नूतनीकरणाचा दर पाहावा.

दुकान बंद पडण्यामागची खरी अडचण एका वेळी चालणाऱ्या प्रोसेसची, म्हणजे सर्व्हर एकाच वेळी हाताळत असलेल्या विनंत्यांची आहे. शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांची संकेतस्थळे) सहसा प्रत्येक खात्याला अशा ‘एन्ट्री प्रोसेस’ची मर्यादा असते आणि ती विक्रीच्या पानावर क्वचितच ठळक दिसते, म्हणून पैसे भरण्यापूर्वी ती लेखी विचारावी. मर्यादा २० असेल आणि एक पान तयार व्हायला २ सेकंद लागत असतील, तर सेकंदाला फार तर १० विनंत्या पूर्ण होतात. त्यापुढे अनेक ठिकाणी ग्राहकाला ५०८ क्रमांकाची त्रुटी दिसते. ‘कॅशिंग लावा, सगळे सुटेल’ हा सल्ला मला अजिबात मान्य नाही. उत्पादनांची पाने कॅशमधून, म्हणजे एकदा तयार करून साठवलेल्या प्रतीवरून देता येतात. परंतु कार्ट आणि चेकआउट प्रत्येक ग्राहकासाठी वेगळे असल्याने ते सर्व्हरला दर वेळी नव्याने तयार करावे लागतात, आणि पैसे येतात ते नेमके तेथूनच.

म्हणून सीपॅनेलमधील (होस्टिंगचे नियंत्रण-पटल) वापराचे आलेख हंगामात पाहावेत. मर्यादा गाठली जात नसेल तर शेअर्ड होस्टिंग सोडू नये. जात असेल तर आधी जड प्लगिन (संकेतस्थळाला जोडलेले जादा सुविधांचे प्रोग्राम) काढावेत आणि तरीही भागत नसेल तर क्लाउडवरील व्हीपीएस (सर्व्हरचा स्वतःसाठी राखीव आभासी भाग) घ्यावा. सुरक्षेचे अपडेट नियमित करणारे माणूस हाताशी नसेल, तर जास्त पैसे देऊन मॅनेज्ड सेवाच (जिथे सर्व्हरची देखभाल कंपनी करते) घ्यावी; याबाबत तडजोड करू नये. हंगामापुरती क्षमता वाढवताना फक्त रॅम आणि सीपीयू वाढवावेत, कारण वाढवलेली डिस्क सहसा पुन्हा कमी करता येत नाही.

डेडिकेटेड सर्व्हरचा, म्हणजे एकट्यासाठी अख्खा सर्व्हर घेण्याचा विचार तूर्त नको.

नव्या होस्टिंगवर स्थलांतराच्या आदल्या दिवशी डीएनएसचा (संकेतस्थळाच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता इतरत्र लक्षात ठेवला जाण्याचा कालावधी, ३०० सेकंदांवर आणावा. डेटाबेसची अंतिम प्रत घेण्यापूर्वी जुन्या दुकानातील ऑर्डर घेणे थांबवावे, अन्यथा मधल्या काळातील ऑर्डर जुन्याच डेटाबेसमध्ये राहतील.