जुनं दुखणं आणि वर आम्लपित्त: या चुका टाळा

कंबर, सांधे किंवा नसांचं दुखणं वर्षानुवर्षं मागे लागलेल्या अनेकांना छातीतली जळजळ आणि घशाशी येणंही सोसावं लागतं. दुखण्याचे डॉक्टर वेगळे, पोटाचे वेगळे. एकाच्या औषधाचा दुसऱ्या त्रासावर काय परिणाम होतो, हे विचारायचं राहून जातं आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

'जेवून गोळी घेतली की बाधत नाही'

हा समज फार पक्का आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन ही पेनकिलर औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होऊ देत नाहीत, म्हणून सूज आणि दुखणं उतरतं. पण जठराचं अस्तर सुरक्षित राहतं तेही याच प्रोस्टाग्लँडिनमुळे. औषध रक्तातून काम करतं. त्यामुळे पोट भरलेलं असो, गोळीवर आवरण असो, अगदी इंजेक्शन घेतलेलं असो, अस्तराचं नुकसान व्हायचं ते होऊ शकतं. जेवून घेतल्याने मळमळ कमी होईल, पण अल्सर (अस्तराला पडणारी जखम) टळेलच असं नाही. शिवाय या गोळ्यांमुळे झालेला अल्सर कधीकधी अजिबात दुखत नाही. 'मला तर काही होत नाही' याला म्हणूनच फारसा अर्थ नाही.

दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या एकाच गटातल्या निघतात, तेव्हा धोका आणखी वाढतो. सर्दीच्या तयार गोळीतही आयबुप्रोफेन असू शकतं. सोबत ड्युलोक्सेटिन (नसांच्या दुखण्यावर आणि नैराश्यावर देतात ते औषध), स्टिरॉइड किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय यातली कोणतीही पेनकिलर घेऊ नका. गुडघा किंवा हात दुखत असेल, तर गोळीऐवजी वरून लावायचं पेनकिलर जेल चालेल का हे जरूर विचारा. त्यातून रक्तात जाणारं औषध खूपच कमी असतं. पॅरासिटामॉल पोटाला सौम्य खरं, पण प्रौढांसाठीही 24 तासांत 4 ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. यकृताचा त्रास किंवा वजन कमी असेल, तर त्याहूनही कमी.

पित्ताची गोळी चुकीच्या वेळी

ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गोळ्या जळजळ सुरू झाल्यावर किंवा जेवून उठल्यावर घेतल्या जातात. जठरातले आम्ल सोडणारे पंप खाल्ल्यावर कामाला लागतात, आणि त्या वेळी औषध रक्तात पोहोचलेलं हवं. म्हणून ती साधारणपणे जेवणाआधी 30 ते 60 मिनिटं घ्यायची. पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात.

ती एकदम बंद केली, तर काही काळ आम्ल उसळून येतं आणि माणूस घाबरून पुन्हा सुरू करतो. डोस हळूहळू उतरवावा, तोही डॉक्टरांना विचारून. कारण पेनकिलर चालू असताना काहींना ती पोटाच्या संरक्षणासाठीच दिलेली असते. उलट, वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-12 आणि मॅग्नेशियम तपासायला हवं का, ते विचारा. बी-12 कमी पडलं की पायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. हे सगळं जुन्या नसांच्या दुखण्याच्या खात्यावर सहज जमा होतं आणि खरं कारण तसंच राहतं.

नसांच्या दुखण्यावरची गॅबापेन्टिन चालू असेल, तर अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड आणि ती गोळी एकत्र नको, औषध कमी शोषलं जातं. अँटासिडनंतर किमान दोन तासांनी गॅबापेन्टिन घ्या.

ट्रॅमाडॉल आणि अॅमिट्रिप्टिलिन या जुन्या दुखण्यावर दिल्या जाणाऱ्या औषधांमुळे जठर रिकामं व्हायला वेळ लागू शकतो. औषध सुरू झाल्यापासूनच जळजळ वाढली असेल, तर तारखेसकट सांगा. मनाने बंद करू नका.

आडवं पडून, घोटभर पाण्याबरोबर

दुखणं उसळलं की उठवत नाही, हे मान्य. पण पडल्या पडल्या घेतलेली गोळी अन्ननलिकेत अडकून तिथेच जखम करू शकते. उठून बसा आणि पेलाभर पाणी प्या. हाडांसाठीच्या अॅलेन्ड्रोनेटचा नियम तर कडकच: सकाळी अनशापोटी, फक्त साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

उशांची चळत

डोक्याखाली दोन-तीन उशा घेतल्या की मान आणि पोट दोन्ही दुमडतात. पोटावर दाब येऊन आम्ल वर येतं आणि सकाळी मान धरते ती वेगळीच. त्यापेक्षा पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली ठोकळे ठेवून ती बाजू 15 ते 20 सेंटीमीटर उचला, किंवा खांद्यापासून कमरेपर्यंत आधार देणारी उतरती उशी वापरा. डाव्या कुशीवर झोपल्यास आम्ल कमी वर येतं. खुबा दुखत असेल तर गुडघ्यांमध्ये उशी ठेवून बघा. तरी जमत नसेल तर हट्ट नको, झोप मोडली की दुखणं आणि जळजळ दोन्ही जास्त जाणवतात. जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी. कमरेचा पट्टा घट्ट असेल तर जेवताना सैल करा आणि वाकायचे व्यायाम जेवणावर लगेच करू नका.

'पित्तच असेल'

छातीत दाब, घाम, धाप, हात किंवा जबड्यात कळ असेल तर अँटासिड घेऊन वाट बघत बसू नका, तातडीने रुग्णालय गाठा. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचही तितकीच तातडीची. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण त्यामुळेच झाली असेल असं घरीच ठरवू नका. घास अडकणं किंवा विनाकारण वजन उतरणं असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवा.