हायड्रॉलिक स्टीअरिंग बिघडलं? ऑइल ओतायच्या आधी हे बघा

बोटीचं हायड्रॉलिक म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारं स्टीअरिंग जड झालं किंवा व्हील नुसतंच फिरायला लागलं की बहुतेक जण सरळ ऑइलची बाटली आणतात. मीपण पहिल्यांदा तेच केलं, दोन बाटल्या संपल्या, अख्खी दुपार एअर म्हणजे आत अडकलेली हवा काढण्यात गेली आणि स्टीअरिंग होतं तसंच जड, कारण दोष ऑइलमध्ये नव्हताच. आऊटबोर्ड इंजिन, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेलं इंजिन, ज्या उभ्या पिनवर डावी-उजवीकडे वळतं तिथलं ग्रीस सुकून मिठाने सगळं आवळलं होतं. म्हणून सांगतो, आधी दोष कुठल्या भागात आहे ते पक्कं करा.

सिस्टीम तशी साधी आहे. व्हीलच्या मागे छोटा पंप, त्यातून निघालेले दोन होज आणि मागे इंजिनला जोडलेला सिलिंडर, व्हील फिरवलं की एका होजमधून ऑइल जातं आणि दुसऱ्यातून परत येतं. पंपात चेक व्हॉल्व्ह, म्हणजे ऑइल उलटं येऊ न देणारे व्हॉल्व्ह असतात, त्यामुळे पाण्याचा रेटा इंजिनवर आला तरी व्हील आपोआप फिरत नाही.

जड असेल तर इंजिन बंद करून चावी काढा, मग सिलिंडर इंजिनपासून सोडवा आणि इंजिन हाताने वळवून बघा. हलत नसेल तर पिनला ग्रीस मारा, जुनं ग्रीस बाहेर पडेपर्यंत मारत राहा. इंजिन मोकळं फिरतंय पण व्हील अजून जडच आहे, तर कुठे होज दबलाय किंवा मुडपलाय का ते बघा. आणि हो, परत जोडताना नायलॉनचा लॉक नट नवाच टाका, स्टीअरिंगच्या नटावर काटकसर अजिबात नको.

व्हील एका बाजूला पूर्ण वळवल्यावर टणक थांबायला पाहिजे. तिथे स्पंजसारखं दबत असेल तर हवा धरलीये. पण हवा नाही आणि तरी व्हील हळूहळू पुढे सरकतच राहतंय, तर एकतर पंप आतून लीक आहे नाहीतर सिलिंडरचं आतलं सील गेलंय. हे ओळखायला पंपाचे दोन्ही होज काढून तिथे बूच लावा आणि व्हील फिरवा, घट्ट अडकलं तर पंप ठीक आहे, सिलिंडर उघडावा लागेल. इंजिन हाताने ढकलल्यावर व्हील आपोआप फिरत असेल तर चेक व्हॉल्व्हमध्ये बहुतेक कचरा अडकलाय. फिटिंगला टेफ्लॉन टेप लावणाऱ्यांनी हे नीट वाचा, तिचे तुकडे आत जाऊन हाच प्रकार होतो, लिक्विड सीलंट वापरा.

गळती शोधायची तर सगळं फडक्याने कोरडं पुसा, प्रत्येक जोडाला टिश्यू गुंडाळा आणि व्हील दोन्हीकडे टोकापर्यंत दाबून वळवा, टिश्यू कुठे ओला होतो ते लगेच दिसतं. व्हीलच्या शाफ्टपाशी ओलं असेल तर पंपाचं सील, सिलिंडरमधून आत-बाहेर होणाऱ्या रॉडपाशी असेल तर सिलिंडरचं. सील बदलायच्या आधी रॉडवरून नख फिरवा, ओरखडा किंवा खड्डा लागला तर नवीन सीलही तिथेच कापलं जाणार.

आता एअर काढणं, याला दोघं लागतात. एकाने पंपाचं ऑइल भरायचं तोंड कधीच रिकामं पडू द्यायचं नाही, मध्ये एकदा जरी हवा ओढली तरी सगळं पहिल्यापासून. व्हील एकीकडे टोकापर्यंत फिरवा, रॉड ज्या बाजूला पूर्ण बाहेर आलाय त्याच बाजूचं ब्लीडर निपल (सिलिंडरवरचं हवा काढायचं छोटं तोंड) उघडून त्याला नळी लावा, नळीचं दुसरं टोक बाटलीत. रॉड हाताने धरून ठेवा, आत जाऊ देऊ नका आणि दुसऱ्याला व्हील उलट फिरवायला सांगा. आधी फसफस बुडबुडे येतील, मग ऑइलची स्वच्छ धार येईल, तेव्हा व्हील फिरत असतानाच निपल बंद करा. हेच दुसऱ्या बाजूला. निघालेलं ऑइल परत टाकू नका, पाण्यातही सोडू नका, आणि दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, सगळंच बदला. कंपनीने सांगितलेलं स्टीअरिंग ऑइलच वापरा. ब्रेक ऑइल तर कधीच नाही, सील खाऊन टाकतं.

शेवटी व्हील टोकाला दाबून धरा आणि ऑइलच्या तोंडात बघा, पातळी खाली गेलेली दिसली तर हवा अजून आहे. नंतर टोपीतून थोडं ऑइल झिरपलं तर घाबरू नका, बहुतेक जास्त भरलं गेलंय. मोकळ्या पाण्यात हळू चालवून दोन्हीकडे वळवून बघा आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्हीलच्या किती फेऱ्या होतात ते मोजा. मी तो आकडा पंपाशेजारी मार्करने लिहून ठेवलाय, निघायच्या आधी दर वेळी मोजतो, अर्धी फेरी जरी वाढली तरी आधी गळती शोधतो, मगच बोट सोडतो.