शॉकअप बदलण्याआधी: सस्पेन्शनच्या कंपन-चाचणीत या चुका टाळा

कंपनाच्या ग्राफवर 12 हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला 12 कंपनांच्या) आसपास उंच टोक दिसलं, की ‘शॉकअप गेला’ असं लिहून मोकळं व्हायचं. ही घाई गॅरेजमध्ये दिसते, कॉलेजच्या बाहा टीममध्ये (ऑफ-रोड गाडी स्वतः बनवून स्पर्धेत उतरणाऱ्या विद्यार्थ्यांत) दिसते आणि नव्याने टेस्टिंगला लागलेल्या इंजिनिअरांच्या अहवालातही दिसते. ते कंपन कुठून आलं हे ग्राफ सांगत नाही, ते आपल्याला शोधावं लागतं. या चुका पुन्हा पुन्हा बघून आता लिहायलाच बसलो.

चाकाचा दोष शॉकअपच्या माथी

सगळ्यांत जास्त पैसे घालवणारी चूक हीच. साध्या कारची बॉडी स्प्रिंगवर साधारण 1 ते 1.5 हर्ट्झने डोलते, आणि चाक, हब, ब्रेक हा खालचा भाग 10 ते 15 हर्ट्झने उडतो. या दुसऱ्या प्रकाराला व्हील हॉप म्हणतात. एवढं मुलांना पाठ असतं. चाक फिरतंही, हे मात्र विसरतात. ताशी 80 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 22.2 मीटर. एका फेरीत चाक सुमारे 1.9 मीटर जात असेल, तर सेकंदाला 11.7 फेऱ्या होतात. चाकात काही वाकडं असेल तर त्याचं टोक थेट व्हील हॉपच्या पट्ट्यात येऊन बसतं.

ओळखीच्या एका गॅरेजात अशीच एक हॅचबॅक आली होती. एक्स्प्रेसवेवर 80 च्या आसपास पुढची डावी बाजू थरथरायची, वेग बराच कमी केला किंवा वाढवला की थरथर ओसरायची. तिथल्या हुशार मुलाने कंपन मोजणारे सेन्सर लावले, 80 ला गाडी चालवली आणि 11.7 हर्ट्झचं टोक दाखवून दोन्ही पुढचे शॉकअप बदलायला लावले. थरथर थोडी कमी झाली, गेली नाही. मग स्ट्रट माउंट (शॉकअपचं वरचं टोक बॉडीला धरणारे भाग) बदलले. फरक शून्य.

मी त्याला विचारलं, “60 ला नोंद घेतलीस का?”

“नाही सर, 60 ला गाडी थरथरतच नाही.”

हाताला थरथर लागत नसली तरी सेन्सरला ती दिसते. 60 ला टोक 8.8 वर सरकलं, 100 ला 14.6 वर. व्हील हॉप गाडीच्या वेगाबरोबर असा सरकत नाही, चाकाच्या फेऱ्या सरकतात. बॅलन्सिंग झाल्याची पावती गाडीत होती, पण बॅलन्सिंग म्हणजे वजनं लावणं, त्याने वाकलेली रिम सरळ होत नाही. डायल गेज (चाक फिरवून वाकडेपणा मोजणारं घड्याळासारखं उपकरण) लावल्यावर रिमची आतली कड खड्ड्यात आपटून वाकलेली निघाली. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. 80 ला जास्त जाणवायचं, कारण त्या वेगाला चाकाच्या फेऱ्या आणि व्हील हॉप एकमेकांवर येत होते. म्हणूनच नव्या शॉकअपने ते थोडं दबलं आणि सगळे फसले.

तीन वेगांच्या नोंदी नसतील तर मी अहवाल वाचतच नाही. वेगाबरोबर टोक सरकलं तर आधी रिम, टायर आणि हब बघायचे. वेग तोच ठेवून गिअर बदलल्यावर सरकलं तर इंजिनाकडे वळायचं. काहीही केलं तरी जागचं हललं नाही, तर सस्पेन्शनबद्दल बोलायला हरकत नाही.

सेन्सर कुठेही, कसाही चिकटवणं

फोमच्या डबल टेपवर, प्लास्टिकच्या ट्रिमवर, मडगार्डच्या पातळ पत्र्यावर लावलेले सेन्सर मी पाहिलेत. अशा वेळी मोजलं जातं ते फोमचं, नाहीतर पत्र्याचं कंपन. एक सेन्सर नकलवर (चाकाचा हब धरणाऱ्या भागावर) आणि दुसरा त्याच बाजूच्या स्ट्रट टॉवरवर (बॉडीत शॉकअपचं वरचं टोक बसतं तिथे) हवा. खालून किती आलं आणि वर किती पोहोचलं, हे दोन्हींच्या गुणोत्तरातून कळतं. एकट्या वरच्या सेन्सरवरून सस्पेन्शनला नापास करणं अन्याय आहे.

बऱ्याच गाड्यांत नकल ॲल्युमिनियमचा असतो, तिथे सेन्सरचा चुंबक धरत नाही. मेणाने चिकटवला तर मेण ब्रेकच्या उष्णतेने सैल होतं. मी जागा स्पिरिटने पुसून धातूची छोटी पट्टी सुपरग्लूने चिकटवतो आणि त्यावर सेन्सर स्क्रूने कसतो. वायर सेन्सरच्या अगदी जवळ बांधून घेतो, नाहीतर तिचे झटकेही नोंदीत येतात. मग प्रत्येक सेन्सरला बोटाने टिचकी मारून बघायचं, की हलतोय तो चॅनल त्याचाच आहे. डावं-उजवं अदलाबदल झालेल्या वायरींवरून चांगला भाग काढून फेकलेला मी पाहिला आहे. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि तीच सगळे वगळतात.

हाताने दाबून निकाल

बॉनेट दाबून सोडलं, गाडी एकदा वर येऊन थांबली, म्हणून शॉकअप उत्तम? या दाबण्यात फक्त बॉडीची संथ हालचाल होते. व्हील हॉपच्या वेगाने शॉकअप काय करतो, याची परीक्षाच होत नाही. त्यात बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबर) जाम असतील तर घर्षणानेच गाडी थांबते. त्यापेक्षा एकाच वेगाने एकच स्पीडब्रेकर पुन्हा पुन्हा ओलांडा, नोंदीतून 3 हर्ट्झच्या वरचं गाळा आणि लागोपाठच्या दोन उसळ्या मोजा. डॅम्पिंग रेशो (शॉकअप डोलणं किती लवकर शमवतो याचा आकडा) 0.3 असेल तर दुसरी उसळी पहिलीच्या सातव्या भागाइतकी उरते. ती निम्म्याहून मोठी असेल तर रेशो 0.1 च्या आसपास आलाय, आणि आता शॉकअप बदला.

प्लॅटफॉर्मच्या टक्क्यांवर आंधळा विश्वास

युसामा या युरोपातल्या शॉकअप उत्पादकांच्या संघटनेच्या पद्धतीत चाकाखालचा प्लॅटफॉर्म सुमारे 25 हर्ट्झपर्यंत हलवून चाकाची पकड किती उरते ते मोजतात. 60 टक्क्यांच्या वर उत्तम, 20 च्या खाली वाईट, हा तक्ता भिंतीवर असतो. पण टायरमध्ये हवा जास्त असेल तर चांगल्या गाडीचेही टक्के घसरतात. हलक्या गाडीच्या मागच्या चाकांचा आकडा मुळातच कमी येतो. आधी हवा दाराच्या स्टिकरप्रमाणे करा, मग डाव्या-उजव्यातला फरक बघा. मला तो फरक जास्त कामाचा वाटतो.

बाकीच्या, थोडक्यात

दोन सेकंदांच्या नोंदीवर एफएफटी (कोणत्या वारंवारतेचं कंपन किती, हे वेगळं काढणारं गणित) करू नका. त्यात 0.5 हर्ट्झची पायरी मिळते, आणि 1.2 व 1.5 चे डोलणे एकातच मिसळतात. मी किमान 20 सेकंद घेतो.

सेकंदाला 100 नमुने घेतले आणि आधी फिल्टर नसेल, तर 95 हर्ट्झचं कंपन 5 हर्ट्झवर उगवतं. उभ्या कंपनाला माणसाचं शरीर 4 ते 8 हर्ट्झमध्ये सर्वांत संवेदनशील असतं, त्यामुळे लगेच ‘कम्फर्ट खराब’ असा शेरा पडतो. हे नंतर सॉफ्टवेअरमध्ये निस्तरता येत नाही.

कप होल्डरमधल्या मोबाइलची नोंद मला पाठवू नका.

एकटा ड्रायव्हर आणि भरलेली गाडी यांची तुलना करू नका. स्प्रिंगवरचं वजन 20 टक्के वाढलं, की बॉडीची वारंवारता सुमारे 9 टक्के उतरते.

थंड शॉकअपमध्ये तेल घट्ट असतं, म्हणून सकाळची पहिली फेरी नेहमी चांगली दिसते. गाडी खराब रस्त्यावरून अर्धा तास फिरवून आणा आणि त्यानंतरचेच आकडे धरा. भाग बदलल्यावरची चाचणीही तेवढ्याच गरम गाडीवर, त्याच रस्त्यावर, टायरमध्ये तेवढीच हवा ठेवून घ्या, आणि आधीची फाइल पुसू नका.