इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदी रुजवताना या चुका टाळा

आयुष्मान भारत डिजिटल मिशन 27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झाले आणि 14 अंकी आभा क्रमांक, म्हणजे व्यक्तीचा डिजिटल आरोग्य खाते क्रमांक, कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचला. मात्र क्रमांक म्हणजे नोंद नव्हे. केसपेपर आणि प्रयोगशाळेचा अहवाल त्या क्रमांकाशी जोडला गेला नाही, तर पुढच्या डॉक्टरला काहीच दिसत नाही; म्हणून किती क्रमांक काढले एवढेच मोजून यश ठरवू नये.

सर्वांत महाग पडणारी चूक दुहेरी नोंदीची आहे. उपकेंद्रातील एएनएम (सहायक परिचारिका प्रसविका) गरोदर मातेची तपासणी आधी रजिस्टरात लिहिते, मग आरसीएच (प्रजनन व बाल आरोग्य) पोर्टलवर भरते. रक्तदाब आणि मधुमेहाच्या तपासण्या एनसीडी (असंसर्गजन्य आजार) पोर्टलवर जातात, आणि महिनाअखेरीस एचएमआयएसचा (आरोग्य माहिती व्यवस्थापन प्रणालीचा) अहवाल वेगळाच जुळवावा लागतो. एवढे करून तिच्या हाती पडते ते बहुधा वाढलेले कामच, आणि याला कर्मचाऱ्यांचा संगणकविरोध म्हणणे मला अन्यायकारक वाटते. आपल्या रुग्णालयात हीच अडचण आहे का, हे पाहण्यासाठी नोंदींची वेळ तपासावी: बहुतेक नोंदी ओपीडी संपल्यानंतर चढत असतील, तर खरे काम कागदावरच चालले आहे. अशा वेळी नवे प्रशिक्षण लावण्याआधी कोणते रजिस्टर कोणत्या तारखेपासून बंद होणार, याचा लेखी आदेश काढावा. तोंडी सूचनेवर कोणीही रजिस्टर सोडत नाही, कारण उद्याच्या तपासणीत तेच मागितले जाते.

ओपीडीत डॉक्टरला एका रुग्णामागे काही मिनिटेच मिळतात. तेवढ्यात दहा रकाने भरायला लावले की ‘इतर’ हाच पर्याय निवडला जातो आणि नोंद निरुपयोगी होते. सुरुवात नोंदणी, प्रयोगशाळा आणि औषध वितरणापासून करावी. आधीचा अहवाल पडद्यावर मिळू लागला की डॉक्टर स्वतःहून संगणकाकडे वळतात.

यंत्रणा बंद पडेल, हे धरूनच चालावे. 23 नोव्हेंबर 2022 रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातील अग्रगण्य रुग्णालयालाही अनेक दिवस हाताने काम करावे लागले. जिथे वीज आणि इंटरनेट दोन्ही बेभरवशाचे आहेत, तिथे ऑफलाइन नोंद करण्याची सोय, इन्व्हर्टर, क्रमांकित कागदी अर्ज आणि मुख्य जाळ्यापासून वेगळी ठेवलेली बॅकअप प्रत यांशिवाय प्रारंभ करूच नये. बॅकअप घेतला जातो, पण तो परत उघडून पाहिला जात नाही. ही चाचणी दर तिमाहीला घ्यावी.

सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचे कंत्राट संपल्यावर माहिती कोणाची, हा प्रश्नही पहिल्याच दिवशी सोडवावा. देशाची इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके 2013 मध्ये आली आणि 2016 मध्ये सुधारली गेली. संपूर्ण माहिती त्या मानकांनुसार, वाचता येईल अशा स्वरूपात आणि जादा शुल्काशिवाय परत देण्याची अट करारातच असावी.