भोंगा कोणत्या टॅपला जोडायचा?

नागपुरात मारबत झाली की लगेच गणपती, आणि मंडपांवर भोंगे चढू लागतात. टॅप म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ४, ८, १६ ओहम असं लिहिलेली, तार जोडायची जागा. भोंगा चुकीच्या टॅपला लागला की आवाज दबतो, नाहीतर अ‍ॅम्प्लिफायर तापतो.

१. भोंग्याच्या युनिटवर (मागचा, आवाज काढणारा भाग) लिहिलेले ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप) वाचा. लेबल पुसलं असेल तर मल्टिमीटर लावा, पण तो आकडा थोडा कमीच दाखवतो: ६-७ आला तर स्पीकर ८ ओहमचा.

२. १६ ओहमचे दोन भोंगे समांतर (प्लसला प्लस, मायनसला मायनस) जोडले तर तार ८ च्या टॅपला, चार असतील तर ४ च्या.

तार चौकापर्यंत न्यायची असेल, तर १०० व्होल्टची लाइन (अ‍ॅम्प्लिफायरच्या १०० व्होल्टच्या टॅपवरून नेलेली तार) आणि प्रत्येक भोंग्याला व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर हेच बरं. सगळ्यांचे वॅट मिळून अ‍ॅम्प्लिफायरच्या वॅटच्या आत ठेवा.

ओहमच्या टॅपवर भोंगे जोडल्यावर होणारे एकूण ओहम टॅपपेक्षा कमी कधीच नकोत. जास्त चालतील, फक्त आवाज कमी येईल.